वर्षातून एकदा वर येणारा रस्ता

भोरला निघाले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "ऐन वैशाखात? तिकडे तर पावसाळ्यात जातात, धबधबे बघायला." मी म्हटलं, मला धबधबा बघायचा नाही, रस्ता बघायचाय. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. निवृत्त बाई एकटी राहिली की असं काहीतरी होतं, असं त्यांना वाटलं असावं.

रस्त्याचं आमंत्रण सुनंदानं दिलं होतं. बचत गटाच्या बायकांबरोबर ती दर हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो लावून इंद्रायणी तांदूळ विकते. भाव कमी करत नाही, पण मापात ओंजळभर जास्त घालते, त्यामुळे आमची मैत्री झाली. "मॅडम, एकदा वैशाखात या," ती दर वर्षी म्हणायची. "धरणातनं आमचा रस्ता वर येतो. देवीची पालखी त्याच्यावरनं पल्याड जाती. बघन्यासारकं असतं." रस्ता वर येतो, हे ती इतकं सहज सांगायची की पहिल्या वेळी मला वाटलं, बोलण्याच्या ओघात काहीतरी राहून गेलं.

मी स्वतः करआकारणी खात्यात आयुष्य काढलं. लोकांच्या घराची लांबीरुंदी मोजायची आणि त्यांच्याकडे पैसे मागायचे, हा माझा धंदा. शिव्या भरपूर खाल्ल्या. पण कर भरल्याशिवाय गाव चालत नाही, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. म्हणूनच सुनंदाच्या गावात जे पाहिलं त्यानं माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. गावाचं खरं नाव लिहीत नाही, त्या लोकांना आधीच पुरेसा ताप आहे. टेकवाडी म्हणू या.

स्वारगेटला भोरची एसटी लागली तेव्हा अर्ध्या तिकिटाच्या कृपेनं गाडी बायकांनीच भरली होती. मला खिडकी मिळाली आणि माझ्या शेजारी उत्रोलीच्या एक आजी बसल्या. कात्रजचा घाट संपेपर्यंत त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली.

"टेकवाडीला? त्या बेटावर? लेक दिलीया काय तिथं?"

"नाही हो, ओळखीचे आहेत."

"मग बरंय," आजी म्हणाल्या आणि सैलावून बसल्या. "तिथं आता कोन लेक देत न्हाई. मुलगा चांगला असतो, जमीन असती, पर रस्ता इच्यारला की सोयरीक मोडती."

महामार्गावर टोलनाका गेला, कापूरहोळला गाडी उजवीकडे वळली आणि हवा जरा बदलली. भाताची खाचरं कोरडी पडली होती, बांधांवर करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. भोरच्या स्टँडवर मी गरम भजी खाल्ली आणि धरणाच्या कडेकडेनं जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये (माणशी भाडं घेऊन भरेपर्यंत थांबणाऱ्या) बसले.

आणि रस्ता पाहून चाटच पडले. मला वाटलं होतं, हाडं खिळखिळी होतील. पण इथे काळाभोर गुळगुळीत डांबरी रस्ता, मधोमध पांढरी रेघ, वळणावर चमकणारे लाल ठिपके, शिवाय सौरदिव्यांची रांग. दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं आणि पाट्या. 'तलावाकाठी तुमचं स्वप्न', 'दुसरं घर, पहिलं प्रेम'.

"टेकवाडीसाठी झाला का हा रस्ता?" मी जीपवाल्याला विचारलं.

"टेकवाडीच्या नावानं झाला," तो म्हणाला. "झाला कुनासाठी ते आता म्होरं कळंल तुमाला."

ते पाच मिनिटांत कळलं. प्लॉटिंगचं भलंमोठं लोखंडी फाटक आलं, आणि डांबर जणू सुरीनं कापावं तसं फाटकापाशी संपलं. पुढे मातीचा उतार, त्याच्या खाली काळपट गाळाचा पट्टा, आणि त्या पलीकडे उन्हात तापलेली एक टेकडी, तिच्या अंगावर कौलं आणि पत्रे. फाटकाशी सुनंदा उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काठी. ती हसली, पण नेहमीसारखी नाही.

"मॅडम, चपला हातात घ्या," ती म्हणाली. "औंदा वाट अजून काढलेली न्हाई."

मी चपला हातात घेतल्या नाहीत, कारण मला वाटलं जमेल. दहा पावलांत डावी चप्पल गाळानं गिळली. इथे या गाळाला रेंदा म्हणतात. वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत घेतो. सुनंदानं काठीनं चप्पल शोधायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. आम्ही एकमेकींचे दंड धरून चालत राहिलो. तेवढ्यात मला रेंद्यातून डोकं काढलेल्या दगडांच्या दोन समांतर ओळी दिसल्या, आणि मध्ये एका दगडी मोरीचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) माथा.

"ह्यो आमचा रस्ता," सुनंदा म्हणाली.

गोष्ट अशी आहे. इंग्रजांच्या काळात भाटघरला धरण झालं आणि टेकवाडीच्या दोन्ही अंगांनी पाणी आत शिरलं. मधली टेकडी सुटी पडली, बेट झालं. गावाचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. दर वैशाखात पाणी उतरतं तेव्हा तो काही आठवडे वर येतो. मग घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन उतरतो. रेंदा ओढून काढतात, खड्ड्यांत दगड बसवतात, वरून मुरूम टाकतात, कडेच्या दगडांना चुना फासतात, मोरीवर दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. याला ते 'वाट काढणं' म्हणतात. वाट सुकली की गावची वाघजाई पालखीत बसून पलीकडच्या काठावर आपल्या बहिणीला, जननीला, भेटायला जाते. एरवी ये-जा होडीनं. पण वारं सुटलं की होडी बंद, आणि पावसाळ्यात तिथे वारं रोजच सुटतं.

सुनंदाचं घर देवळाच्या खालच्या अंगाला. दारात दोन म्हशी, पडवीत बाजेवर तिचा नवरा बबन पडलेला. चाळिशीचा असेल, पण चेहरा सुजलेला आणि पाय खांबासारखे. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी भोरला डायलेसिस करावं लागतं. मागच्या पावसाळ्यात होडी न सुटल्यामुळे काही वाऱ्या चुकल्या, आणि एकदा तो मरता मरता वाचला.

"डाक्टरनी सांगितलंय, आता चुकलं तर त्येंची जबाबदारी न्हाई," सुनंदा भाकरी थापता थापता म्हणाली. "औंदा रस्ता मंजूर झाला तर बरं. न्हाईतर म्हशी विकून भोरात खोली घ्यायची. म्हशी गेल्या की खायाचं काय, त्ये भोरात गेल्यावर बघू." तिनं हे कालवणात मीठ किती घातलं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, राजगडाखालच्या गुंजवण्याचं. तिथल्या धरणात वडिलांची खाचरं गेली. "माहेर धरनानं उठवलं, सासर धरनानं तोडलं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात मरळ माशाचा आणखी एक तुकडा वाढला. ते कालवण इतकं झणझणीत आणि सुरेख होतं की मला खाताना अपराधी वाटलं.

संध्याकाळी सुनंदाचे सासरे, लक्ष्मणआबा, पडवीत येऊन बसले. पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान यांच्या घराण्याचा. मी सवयीनं विचारलं, घरपट्टी किती येते. आकडा सोडून द्या, पण ती दोन वर्षांत वाढली होती, चांगली वाढली होती.

"का वाढवली?"

"गाव वाढाय लागलंय म्हनं," आबा म्हणाले. "पश्चिमेच्या टोकाला पुन्या-मुंबैच्या लोकांनी बंगलं बांधल्यात. त्येंच्यामुळं जागंची किंमत वाढली, म्हनून आमची पट्टी वाढली. आनि त्यात दिवाबत्तीचा कर येगळा."

"दिवे कुठे आहेत?"

आबांनी पाण्यापलीकडे बोट दाखवलं. अंधार पडू लागला होता आणि प्लॉटिंगच्या रस्त्यावरचे सौरदिवे एकेक करून लागत होते. त्या रस्त्यावर एक माणूस नव्हता. "बसतो हितं रोज सांजच्याला, बघतो आमचं दिवं," आबा म्हणाले. मला वाटलं ते चिडून बोलताहेत, पण ते खरंच बघत होते.

त्याच संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. कशासाठी, ते मला आबांनी वाटेत सांगितलं, आणि ऐकताना मला हसावं की रडावं कळेना. टेकवाडीनं बारमाही रस्ता आणि मोरीच्या जागी उंच पूल मागितला, त्याला कित्येक वर्षं झाली. प्रत्येक वेळी पाहणीला साहेब येतो तो वैशाखात, कारण पावसाळ्यात त्याला होडीत बसायचं नसतं. आणि वैशाखात काय असतं? वाट काढलेली असते. गेल्या खेपेला तर साहेब येणार म्हणून गावानं वाट आणखी रुंद केली, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडलं, मोरीला आंब्याचं तोरण बांधलं. साहेबाची गाडी थेट देवळापर्यंत आली. शाल झाली, नारळ झाला, पुरणपोळी झाली. साहेबानं जाऊन लिहिलं की रस्ता अस्तित्वात आहे आणि सुस्थितीत आहे. त्याच्या आधीच्या खेपेलाही तसंच झालं होतं.

"आमाला वाटलं, पाव्हना येतोय, त्येला चिखलातनं कसं आनायचं?" आबा म्हणाले. "आमची अक्कल."

आता नवा साहेब शुक्रवारी येणार होता. आणि वाट काढायचा मुहूर्त गुरुवारचा होता. वाट काढली तर पुन्हा तेच लिहिलं जाणार. नाही काढली तर वाघजाईची पालखी अडकणार, आणि धरण झाल्यापासून ती कधीही अडकली नव्हती. दुष्काळात नाही, साथीत नाही.

देवळापुढे भावकीतले एकजण म्हणाले, देवीला नडणं बरं नव्हं. दुसरे म्हणाले, साहेबाला तोंडी सांगू की. त्यावर सगळेच कडवट हसले. आणि मग बायकांच्या बाजूनं सुनंदा उठली. सासऱ्यांसमोर, भावकीसमोर ती उभी राहून बोलत होती हे तिथल्या सगळ्यांनाच नवं असावं, कारण कुजबुज एकदम थांबली.

"देवीला चार दिस थांबता येतंय," ती म्हणाली. "ह्यांना मंगळवार-शुक्रवार थांबता येत न्हाई. साहेबाला रेंदा दिसू द्या. त्यो गेला की म्या सोता घमेलं उचलती."

"आनि शुक्रवारी बबनला न्यायचं कसं?" कुणीतरी विचारलं. "वाट न्हाई काढली तर टेम्पो याचा न्हाई. पानी उतरलंय, होडीबी लागायची न्हाई."

"खांद्यावर न्या. मंगळवारी न्हेलं तसंच. साहेब बघत असंल तर आनखी बरं."

सगळे आबांकडे पाहू लागले. मान त्यांचा, शब्द त्यांचा. आबांनी देवळाच्या उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाले, "देवीनं आजवर कुनाचा जीव मागितला न्हाई. औंदा वाट साहेब गेल्यावर." एवढंच बोलून ते घरी निघाले. घरी येऊन न जेवता झोपले.

गुरुवारी गावात करायला काही नव्हतं. फावडी भिंतींना टेकून उभी होती आणि माणसं नको तिथे नको ते काम काढून बसली होती. मी सुनंदाच्या जुन्या चपला घालून टेकडीवर चढले. वरून राजगडाची माची आणि तोरण्याचा माथा धुरकट दिसत होता, खाली पाणी आटून किनाऱ्यावर पायऱ्या पायऱ्या पडल्या होत्या. करवंदं ओंजळभर खाल्ली. मग पश्चिमेच्या टोकाला उतरले, जिथे गाव 'वाढत' होतं.

पाच-सहा बंगले. हिरवळ, पाण्याचे फवारे, प्रत्येकाचा स्वतःचा धक्का आणि त्याला बांधलेली मोटरबोट. एका व्हरांड्यातून एका गृहस्थांनी मला हाक मारली. पुण्याचे निघाले, माझ्या शेजारच्याच पेठेतले. त्यांच्या बायकोनं कोकम सरबत दिलं. माणसं सभ्य होती, हे सांगायला हवं. मी त्यांना म्हटलं, उद्या पाहणी आहे, तुम्ही पण चला. तुमच्यासारख्या चार जणांनी दोन शब्द टाकले तर वजन पडेल.

गृहस्थ जरा ओशाळले. "खरं सांगू का ताई, आम्हाला पूल नकोय. आम्ही इथे आलो ते बेट आहे म्हणूनच. उद्या पूल झाला की टपऱ्या येतील, शनिवार-रविवारी गोंगाट, प्लास्टिक. मग लोणावळा काय वाईट होतं?"

"इथल्या एका माणसाला आठवड्यातून दोनदा डायलेसिसला जायचं असतं."

"अरेरे," ते मनापासून म्हणाले. "मग त्यांनी भोरमध्येच राहायला नको का?"

मी सरबत अर्धं ठेवून उठले. त्यांना माझा राग कळलाही नसेल, कारण निघताना त्यांनी पंचायतीच्या पट्टीबद्दलच गाऱ्हाणं लावलं. इतका कर भरतो, म्हणाले, आणि मिळतं काय? मी म्हटलं, तुम्हाला शांतता मिळते, आणि तिचा कर तुमच्या वाटचाही टेकवाडी भरते. हे मी फाटकाबाहेर पडल्यावर म्हटलं, हे कबूल करते.

शुक्रवारी सकाळीच सगळं गाव रेंद्याच्या अलीकडच्या काठावर उभं राहिलं. पलीकडे जीप आली. साहेब उतरला, तरुणच होता, डोक्यावर टोपी, हातात मोजणीची फीत. त्याच्याबरोबर एक शिपाई. साहेबानं रेंद्यात एक पाय टाकून पाहिला, घोट्याच्या वर गेला तसा चटकन मागे घेतला. मग त्यानं हातानं खूण केली : येता येणार नाही.

गावात चक्क आनंद झाला. "बघितलं! सोताच्या पायानं बघितलं!" कुणीतरी ओरडलं. सुनंदानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. मलाही वाटलं, झालं, आता कुठलाही शहाणा माणूस काय लिहील हे उघड आहे.

मग बबनला काढलं. जाड घोंगडीची झोळी करून ती बांबूला बांधली होती. चौघं पुढे-मागे, दोघं आधाराला, आबा काठीनं पुढचा तळ चाचपत. एकदा पुढचा गडी मांडीपर्यंत रुतला आणि झोळी गाळाला टेकली, तेव्हा बबन हसून म्हणाला, "थांबा की रं, देवीसारकं सावकाश न्या." मी आणि सुनंदा मागून. माझ्या वयाला न शोभेलसं मी दोनदा पडले. पलीकडे पोचलो तेव्हा सगळे छातीपर्यंत काळे झाले होते आणि बबनचा श्वास लागला होता.

साहेबानं क्षणभरही विचार केला नाही. "जीपमध्ये घाला," तो म्हणाला. "मी भोरलाच चाललोय." शिपायाला मागे बसवून त्यानं बबनला पुढे बसवलं. सीट चिखलानं माखली तरी तोंड वाकडं केलं नाही, स्वतःची पाण्याची बाटली दिली. माझी परतीची पिशवी सुनंदानं आधीच आणली होती. आम्ही दोघी मागे चढलो. आबा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहिले.

गुळगुळीत रस्त्यावरून जीप पळू लागली. मला राहवेना. "मग साहेब, काय लिहिणार?"

"पाहणी होऊ शकली नाही, असं लिहावं लागेल," तो म्हणाला.

"का?"

"मोजमाप या टोकापासून त्या टोकापर्यंत लागतं, मॅडम. मी त्या टोकाला पोचलोच नाही. जागेवर पोचायला मार्ग उपलब्ध नसल्यानं पाहणी झाली नाही, असा शेरा जाईल."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "अहो, मार्ग नाही हीच तर त्यांची तक्रार आहे! तुम्ही तेच लिहिताय, आणि तेच कारण सांगून काम थांबवताय?"

तो आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, "अडचण वेगळी आहे. मागच्या अहवालात तिथे रस्ता आहे अशी नोंद आहे. त्या रस्त्याच्या दुरुस्तीवर खर्चही पडलाय, दोनदा. आता मी 'रस्ता नाही' असं लिहिलं, तर मधल्या काळात रस्ता गेला कुठे, याची चौकशी लागेल. ती माझ्या वरच्या लोकांवर जाईल. मी नवीन आहे इथे."

मग सुनंदा बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

"साहेब, दुरुस्ती आमी केली. दर साली. फावड्यानं. त्यो पैका कुनाला दिला?"

साहेबाचे कान लाल झाले. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण हा स्वतःच्या जीपमधून रोग्याला दवाखान्यात नेत होता, वळणावर गाडी जपून चालवत होता, आणि त्याच हातानं संध्याकाळी त्या रोग्याचा रस्ता बंद करणार होता. दवाखान्याच्या दारात त्यानं बबनला उतरवायला स्वतः खांदा दिला. मग टोपी काढून म्हणाला, "पुन्हा अर्ज करा. पुढच्या वर्षी." मी त्याला म्हटलं, तुम्हाला लाज वाटते का? तो म्हणाला, "वाटते, मॅडम." आणि जीप घेऊन गेला.

सुनंदाला मी दवाखान्याच्या बाकावर सोडलं. ती रडली नाही. पदरानं माझ्या कोपरावरचा वाळलेला चिखल पुसत म्हणाली, "तुमाला पालखी दावायची राहिली."

दुसऱ्या दिवशी गावानं वाट काढली आणि त्यानंतर पालखी गेली, हे मला नंतर फोनवर कळलं. मी स्वतः त्याच संध्याकाळी पुण्यात उतरले. आमच्या गल्लीत त्या दिवशी पदपथ उखडून नवे ठोकळे बसवत होते. वर्षभरापूर्वी बसवलेले ठोकळे धडधाकट होते, ते ट्रकमध्ये भरून कुठेतरी चालले होते. मी तिथे उभं राहून मुकादमाशी भांडले. मुकादम म्हणाला, आजी, बाजूला व्हा, अंगावर धूळ येईल. पुढच्या आठवड्यात मी चार कार्यालयांना चार पत्रं पाठवली. एका ठिकाणाहून उत्तर आलं की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. योग्य विभाग कुठला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भाताची लावणी आटोपायच्या सुमारास सुनंदाचा फोन आला. म्हशी विकल्या होत्या. भोरात एक खोली घेतली होती, आबाही आले होते, देवीची पूजा भावकीकडे सोपवून. बबनची एकही वारी आता चुकत नव्हती, हे ती आनंदानं सांगत होती. ती स्वतः एका खानावळीत भाकऱ्या करायला जायची.

"आनि मॅडम, काल टेकवाडीची घरपट्टी भरून आले. दिवाबत्तीसकट."

मी भडकले. कशाला भरलीस, म्हटलं. रस्ता नाही, दिवा नाही, घराला कुलूप आहे. एक पैसा द्यायचा नव्हतास त्यांना. माझ्यासारख्या करखात्यातल्या बाईनं हे म्हणावं, यावरूनच माझी अवस्था कळेल.

तिच्या मागे खानावळीतल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"रस्ता देताना किती घरं हायती ते इच्यारत्यात, मॅडम," ती म्हणाली. "पट्टी थकली की घर पडीक धरत्यात. आमचं एक घर कमी झालं तर मागं ऱ्हायलेल्यांना त्ये म्हनतील, एवढ्याशा घरांसाठी कशाला रस्ता?"